नानाआजोबांचं लॉगबुक : ट्रंक उघडल्यापासूनच्या नोंदी

११ जून २०२३

आत्याकडची पत्र्याची ट्रंक आज माझ्या घरी आली. रिक्षात मांडीवर धरूनच आणली.

नानाआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होते. १९४६ साली नोकरी सोडून पुण्यात परतले, पुढे शाळेत गणित शिकवलं, १९७९ साली गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूआजी गेल्यावर ट्रंक आत्याकडे आली आणि तिच्या पलंगाखाली राहिली.

आमच्या घरात सगळ्यांना पाठ असलेलं एक वाक्य आहे : नानांनी ब्रह्मदेशात जपान्यांची तीन विमानं पाडली. कुठे, कधी, कोणत्या विमानातून, हे कोणालाच सांगता येत नाही. आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या हयातीत हे कागदावर आणायचं, एवढ्यासाठी मी काम हाती घेतलंय. नोंदी ठेवतेय, कारण पुण्यात अशा ट्रंका आणखी घरांत असणार आणि माझ्या चुका दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतील.

ट्रंकेत काय निघालं : एक सहा टोकांचा पितळी तारा, फीत मधोमध लाल, दोन्ही बाजूंना गडद निळी आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ, म्हणजे बर्मा स्टार हे युद्धपदक. एक चौकटीतलं मानपत्र, काच फुटलेली. एक फोटो, त्यातले चेहरे पुसलेले. आणि कापडी पुठ्ठ्याचं आडवं, जाड लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही, पण पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झालेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ही ट्रंक नारायण पेठेतल्या वाड्यात होती.

बर्मा स्टारवरून फार काही ठरत नाही. विमानातून लढणाऱ्यांना त्या आघाडीवर एक लढाऊ उड्डाण केलं तरी तो मिळत असे. माणूस तिथे होता एवढंच त्यावरून समजतं, त्याने काय केलं ते समजत नाही.

१८ जून

आज मोठी चूक केली. लॉगबुकाच्या कडेतून स्टीलची पट्टी सरकवून पान सोडवायला गेले. पहिलं सुटलं. दुसऱ्या पानाचा खालचा कोपरा, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा, वरच्या पानालाच चिकटून राहिला आणि अक्षरासकट फाटला. त्या कोपऱ्यात बेरजेचे आकडे होते.

त्याआधी दहा मिनिटं हेअर ड्रायरही मारला होता. त्याने कडा वळल्या आणि चिखलाचा थर तडकला. हे दोन्ही करू नका.

२५ जून

ओळखीतून एका कागद-संवर्धन करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी लॉगबुक हातात घेतलं, वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "पावसाळ्यात कशाला काढलंत हे?"

बरोबर होतं त्यांचं. साठ वर्षं थांबलेलं काम हिवाळ्यापर्यंत थांबलं असतं. पुण्याची जुलैतली हवा आधीच दमट. चिकटलेली पानं सोडवायला ओल द्यावी लागते आणि नंतर ती ओल झटकन जावी लागते. जानेवारीत हे सोपं जातं. पण पानांवर बुरशीचे करडे ठिपके दिसत होते, तेव्हा निदान स्वच्छता तरी लगेच करायला हवी होती.

त्यांनी सांगितलेली पद्धत अशी. आधी गच्चीत, मास्क लावून, मऊ ब्रशने बुरशी झाडायची. घरात अजिबात नाही. मग घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, तळाला ओला करून पिळलेला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर लॉगबुक. पाणी कागदाला लागता कामा नये, नुसती वाफ मिळाली पाहिजे. चार-पाच तासांनी बाहेर काढून हाडाच्या पातळ पट्टीने एक-एक पान उचलायचं. जिथे अडेल तिथे थांबायचं, पुन्हा डब्यात ठेवायचं. सुटलेलं पान कोरड्या टिपकागदांत घालून वर वजन. सेलोटेप कधीच लावायचा नाही. फाटलं तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीची पेस्ट.

शाईबद्दलही त्यांनीच सांगितलं. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोह असतं, ती कागदात मुरते आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. लाल शाई रंगाची असते, पाणी लागलं की पळते. त्यांनी वरचंच पान दाखवलं. निळ्या-काळ्या ओळी फिक्या असल्या तरी जागेवर होत्या. लाल ओळींच्या जागी गुलाबी डाग होते.

लाल शाईत काय लिहीत असतील, हा विचार रात्रभर डोक्यात राहिला. लाल म्हणजे लढाई असं मी मनाशी ठरवून टाकलं. ती तीन विमानं त्या गुलाबी डागांतच असणार.

१२ जुलै

आज मुद्दाम आत्याकडे गेले. बासष्ट वर्षं झाली त्या दिवसाला.

ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती. धरण फुटलं अशी ओरड झाली, लोक पर्वतीकडे धावले, ही पाठीवर धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन निघाली. ट्रंक जिन्याखालच्या खोलीत राहिली. पाणी ओसरल्यावर वाड्याची मागची भिंत पडलेली होती. पाचव्या दिवशी नानांनी फावड्याने चिखल ओढून ट्रंक काढली.

"मग उघडली का?"

"उघडली ना. ते पुस्तक काढलं, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं, सावलीत वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवलं. मग परत आत ठेवून कडी लावली. पुन्हा काही मी ती ट्रंक उघडलेली बघितली नाही."

उन्हात न ठेवता सावलीत ठेवलं, हेही निळी-काळी शाई तगायला उपयोगी पडलं असेल. हे त्यांना ठाऊक होतं की सहज झालं, कोण जाणे.

२३ जुलै

वेग : एका शनिवार-रविवारी सहा ते आठ पानं. लिहिलेली एकूण सदतीस जोडपानं आहेत. आज नवव्यावर आले. मधे एकदा डबा रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी दोन पानांवर पांढरी बुरशी आली. गजर लावून काम करा.

सुटलेलं पान पहिल्यांदा वाचता येतं तो क्षण काय असतो ते लिहून सांगता येत नाही. "टायगर मॉथ", म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं विमान, आणि पुढच्या रकान्यात जोधपूर. आजोबांचे भाऊ तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

६ ऑगस्ट

मोबाइलने फोटो काढून वाचत होते, ते बंद केलं. सावली पडते, अक्षर वाकतं. जुना फ्लॅटबेड स्कॅनर विकत घेतला आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करायला लागले.

जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रंगीत चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करता येतात. चिखलाचे तपकिरी डाग लाल थरात जवळजवळ नाहीसे होतात आणि निळी-काळी शाई तिथे गडद उठते. उलट, पळालेली लाल शाई हिरव्या थरात दिसते. ही युक्ती मला आधी माहीत असती तर महिनाभर भिंगातून डोळे फोडले नसते. अजून लाल पानांपर्यंत पोचलेले नाही, आधी निळी-काळी संपवते.

लॉगबुक वाचणाऱ्यांसाठी : हे ब्रिटिश हवाई दलाचं फॉर्म ४१४, वैमानिकाचं पुस्तक. डाव्या पानावर तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिक, सोबतचा माणूस, आणि सगळ्यांत मोठा रकाना 'ड्यूटी'. उजव्या पानावर वेळेचे रकाने, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. तळाला बेरीज, आणि ती पुढच्या पानाच्या डोक्यावर ओढलेली.

२० ऑगस्ट

वेळेचे रकाने एक्सेलमध्ये भरून बेरजा जुळवत होते. एकही बेरीज जुळेना. माझं सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे नाना बेरजेत चुकत असतील हे मला खरं वाटेना. गणिताचे मास्तर होते ते.

चूक माझी. १.४० म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. मी ते दशांशात धरलं होतं. १.४० आणि १.३५ मिळून नानांनी ३.१५ लिहिलंय, माझं एक्सेल २.७५ म्हणतंय. सगळा तक्ता पुन्हा भरला. चार संध्याकाळी गेल्या. आता प्रत्येक पान जुळतंय, मिनिटाचाही फरक नाही.

२७ ऑगस्ट

स्क्वॉड्रनचा, म्हणजे हवाई दलातल्या त्यांच्या तुकडीचा, शिक्का सापडला. १९४३ अखेरच्या पानावर, महिन्याच्या गोषवाऱ्याखाली. आठ नंबर. उद्यापासून ८ नंबरच्या स्क्वॉड्रनचा इतिहास वाचायला घेते.

त्याच पानांवर ड्यूटीच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एक नाव येतं. "टॅक-आर, बुथिडाँग–रथेडाँग. वीव्हर. डी.सी.ओ." हे वीव्हर कोणी इंग्रज अधिकारी असावेत आणि डी.सी.ओ. हा त्यांचा हुद्दा. नाना सतत त्यांच्याबरोबर उडत होते असं दिसतं. त्यांच्या घरच्यांकडेही काही कागद असू शकतील.

१० सप्टेंबर

दोन आठवडे चुकीच्या स्क्वॉड्रनमध्ये गेले.

८ नंबरकडे त्या काळात व्हल्टी व्हेन्जन्स विमानं होती; दोन माणसांची, सूर मारून बॉम्ब टाकणारी. त्यांना स्पिटफायर मिळाली ती पुढे १९४४ मध्ये. नानांच्या त्या सगळ्या पानांवर मात्र हरिकेन आहे, आणि हरिकेनमध्ये एकच माणूस बसतो. शिक्का काय म्हणतो ते बघण्याआधी विमानाचा रकाना बघायला हवा होता. शिक्का धुतला जाऊ शकतो. दीडशे ओळींत एकच विमान लिहिलेलं असेल तर ते खोटं असू शकत नाही.

लाल थरात शिक्का पुन्हा बघितला. आठाचा वरचा गोल म्हणजे चिखलाचा ठिपका निघाला. सहा आहे.

६ नंबरचं स्क्वॉड्रन १ डिसेंबर १९४२ ला त्रिचनापल्लीला उभं राहिलं, मेहर सिंग यांच्या हाताखाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते अराकानच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या, आघाडीवर, कॉक्स बझारला गेलं. त्यांची हरिकेन कॅमेरे बसवलेली होती आणि त्यांचं मुख्य काम टेहळणीचं. ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या सैन्याचे डोळे असं त्यांना म्हणत. मेहर सिंगांना पुढे डी.एस.ओ. हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं, त्या युद्धात ते मिळवणारे भारतीय हवाई दलातले ते एकटेच.

'टॅक-आर' म्हणजे टॅक्टिकल रेकनिसन्स, टेहळणी. एवढं तरी आता जागेवर बसलं.

२४ सप्टेंबर

गणपती चालू आहेत. आरतीनंतर सोसायटीतल्या एका निवृत्त विंग कमांडरांना प्रिंट दाखवले. गेले महिनाभर मी वीव्हर नावाच्या अधिकाऱ्याला जुन्या अधिकारी-याद्यांत शोधतेय, लंडन गॅझेटमध्ये शोधतेय, तीन वेगवेगळी स्पेलिंगं करून बघितली, असं त्यांना सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि म्हणाले, "अहो, हे माणसाचं नाव नाही. हे तुमच्या आजोबांचं काम आहे."

डी.सी.ओ. म्हणजे ड्यूटी कॅरीड आउट, नेमून दिलेलं काम पार पडलं. एका ओळीत डी.एन.सी.ओ. होतं, पुढे 'हवामान' : काम पार पडलं नाही.

आणि वीव्हर म्हणजे विणकर. टेहळणीला हरिकेनची जोडी जायची. पुढचा वैमानिक, म्हणजे लीडर, झाडांच्या शेंड्यांवरून खालून जायचा आणि त्याची नजर जमिनीवर असायची : रस्त्यावर ताजी चाकोरी आहे का, नाल्यात होड्या लपवल्या आहेत का, काल नव्हती ती माती आज उकरलेली आहे का. गुडघ्यावर नकाशा, त्यावर खुणा करायच्या. खाली बघणाऱ्या माणसाला आकाश बघता येत नाही. म्हणून दुसरा त्याच्या मागे, थोडा वर, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नागमोडी उडत राहायचा. हातमागावरच्या धोट्यासारखा. त्याने जमिनीकडे बघायचंच नाही. मागे बघायचं, वर बघायचं, सूर्याकडे बघायचं, कारण जपानी ऑस्कर विमानं उन्हातून यायची.

विंग कमांडरांनी खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवून दाखवली, आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. "दीड तास हे," म्हणाले. "पट्ट्यांनी बांधलेलं असताना."

घरी येऊन एक्सेलमध्ये गाळणी लावली. नानांची लढाऊ उड्डाणं अठ्ठ्याहत्तर. त्यांतली एकसष्ट वीव्हर म्हणून.

महिनाभर वाया गेला असं आधी वाटलं, आता वाटत नाही. पण तुम्ही घालवू नका. लॉगबुकातलं एखादं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी जाणकाराला विचारा. पुण्यात निवृत्त वायुसैनिक शोधावे लागत नाहीत.

१ ऑक्टोबर

लाल शाई. ज्याच्यासाठी जीव अडकला होता ती पानं आज हिरव्या थरात उघडली.

"नाइट फ्लाइंग. लोकल." "सर्किट्स अँड लँडिंग्ज." अंबाला, आणि नंतर रिसालपूर, जिथे १५१ नंबरच्या ओ.टी.यू.मध्ये, म्हणजे लढाऊ प्रशिक्षणाच्या तुकडीत, वैमानिक हरिकेनवर तयार व्हायचे.

लॉगबुकात रात्रीचं उड्डाण लाल शाईत लिहायची पद्धत होती. लढाईचा काही संबंध नाही. एक जोडपान इतकं धुतलंय की हिरव्या थरातही काही उठलं नाही. तिथे बेरजांनी वाट दाखवली, कारण नशिबाने नाना बेरजा निळ्या-काळ्या शाईत करत. पानाच्या डोक्यावर रात्रीचे ३.४०, तळाला ६.१५. म्हणजे त्या पानावर रात्रीचं उड्डाण दोन तास पस्तीस मिनिटं, आणि तेही रिसालपूरचं, शिकाऊ असतानाचं. तिथे जपानी विमान असण्याचा प्रश्न नाही.

आज लवकर झोपते.

२२ ऑक्टोबर

दिल्लीच्या पत्रव्यवहाराबद्दल. जुलैत माहिती अधिकारात अर्ज केला होता, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. त्यात मी विचारलं होतं, "या अधिकाऱ्याने शत्रूची किती विमाने पाडली?" अर्ज कलम ६(३) खाली एका कार्यालयातून दुसऱ्यात वर्ग झाला, तिथून तिसऱ्यात, आणि आता उत्तर आलंय की अशी माहिती संकलित स्वरूपात नाही.

चूक माझ्या प्रश्नाची आहे. या कायद्याने हातात असलेला कागद मिळतो, कोणी तुमच्यासाठी संशोधन करून देत नाही. प्रत्येक स्क्वॉड्रन रोजची नोंदवही ठेवत असे : फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा वृत्तान्त, फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तपशील, कोण, कोणत्या विमानातून, किती वाजता गेला, किती वाजता आला. मागायचे तर ते फॉर्म मागा, स्क्वॉड्रन आणि महिना लिहून. नवा अर्ज तसा केलाय.

नावाची स्पेलिंगं सगळी लिहा. आमचं आडनाव इंग्रज कारकुनांनी चार प्रकारे लिहिलंय आणि एका यादीत वडिलांचं नावच आडनाव म्हणून आलंय.

ज्यांचं माणूस परतलं नाही त्यांनी कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. शोध फुकट आहे. आपल्या खडकीतलं युद्धस्मशान त्यांचंच. पूर्वेकडच्या आकाशात गेलेल्या आणि देह न सापडलेल्या वैमानिकांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर कोरलेली आहेत.

१९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आता टाळण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या स्क्वॉड्रननी हवेत पाडलेलं, अधिकृतपणे मान्य झालेलं जपानी विमान एकच धरलं जातं. १५ फेब्रुवारी १९४४. ते पाडणारे जगदीश चंद्र वर्मा. आणि ते याच ६ नंबरचे.

हे वाचलं तेव्हा क्षणभर पुन्हा आशा वाटली. नाना त्या दिवशी वर्मांच्या बाजूला असतील तर? फेब्रुवारी १९४४ चं जोडपान काढलं. सगळं निळ्या-काळ्यात, स्वच्छ. अराकानमधली ॲडमिन बॉक्सची लढाई चालू होती. सातवं भारतीय डिव्हिजन वेढ्यात होतं, त्यांना रसद डाकोटा या मालवाहू विमानांतून टाकली जात होती. नाना जवळजवळ रोज उडत होते. १४ तारखेला एक ओळ. त्यानंतर एकदम १६. पंधराची ओळ नाही. त्या दिवशी ते जमिनीवर होते.

तीन विमानं कुठून आली तेही सापडलं. मानपत्रातून. १९४६ च्या गणेशोत्सवात आळीतल्या मंडळींनी दिलेलं. "ज्यांनी ब्रह्मदेशाच्या नभांगणात शत्रूची तीन विमाने धुळीस मिळविली." कोणी तरी भल्या मनाने लिहिलं असणार. लढाऊ वैमानिकाने विमानं पाडली नाहीत तर मानपत्रात लिहायचं काय, असं त्यांना वाटलं असेल.

नानांनी ते भिंतीवर लावलं नाही. ट्रंकेत, लॉगबुकाखाली ठेवलं. चौकटीच्या मागच्या तारेला गंज आहे, पण मधे खिळ्याची खूण नाही. ते कधीच टांगलं गेलेलं नाही.

३ डिसेंबर

आत्याला सांगितलं. दोन आठवडे जीभ उचलत नव्हती. तिने हे वाक्य आपल्या मुलांना, नातवंडांना, शाळेतल्या बायकांना सांगितलंय.

लॅपटॉपवर पान मोठं करून दाखवलं. ओळ-ओळ वाचून दाखवली. वीव्हर म्हणजे काय ते सांगितलं, धोट्याचं सांगितलं. मग म्हटलं, "आत्या, त्यांनी विमानं पाडली नाहीत गं. एकही नाही."

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पुढच्याच्या पाठीवर हा नजर ठेवायचा."

"हो."

"आणि याच्या पाठीवर कोण?"

मी हा प्रश्न सहा महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. जोडीत दोघंच. वीव्हरच्या मागे कोणी नसायचं. स्वतःची पाठ त्याची त्यानेच बघायची, म्हणून तर तो नागमोडी उडायचा.

हे सांगितल्यावर आत्या उठली, आत गेली, तांब्यातून पाणी प्यायली. येऊन बसली आणि आपणहून बोलायला लागली. नारायण पेठेतल्या वाड्यात रोज रात्री जेवणं झाली की काकू नानांच्या मानेला महानारायण तेल चोळायची. वाटी चुलीच्या निखाऱ्यांवर कोमट करायची आणि ते काम आत्याकडे असे. मान एका बाजूला पुरती वळायची नाही. शाळेतही फळ्यावर लिहिताना सगळं अंग वळवून मुलांकडे बघायचे, त्यावरून मुलं नकला करायची. "आम्हाला वाटायचं, वात आहे."

मी डॉक्टर नाही. तेलाचा आणि त्या एकसष्ट ओळींचा संबंध मी इथे लावत नाही. आत्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

जाताना तिने विचारलं, मानपत्राचं काय करायचं. मी म्हटलं, तूच सांग. म्हणाली, "त्याच्याबरोबरच ठेव. त्यानंही फेकलं नव्हतं."

१७ डिसेंबर

खर्च : टिपकागद ६४०, जपानी टिश्यू ९००, डबा ४५०, ब्रश आणि हाडाची पट्टी ३८०, मास्क-हातमोजे २१०, जुना स्कॅनर ३,५००, आम्लरहित कागद आणि खोका १,२५०, पोस्ट आणि अर्ज १८६, प्रिंट-झेरॉक्स ३४०. एकूण ७,८५६ रुपये. स्कॅनर कोणाचा उसना मिळाला तर खर्च जवळजवळ निम्म्याने कमी होईल. संवर्धन करणाऱ्या बाईंनी पैसे घेतले नाहीत. वेळ साधारण एकशे नव्वद तास. त्यातले पन्नास-साठ वीव्हर, ८ नंबर आणि दशांशाच्या घोळात गेले.

लॉगबुक आता प्रत्येक पानात आम्लरहित कागद घालून खोक्यात आडवं ठेवलंय, कपाटात मधल्या फळीवर. खालची फळी जमिनीलगत, वरची छताच्या ओलीजवळ. सगळे स्कॅन तीन ठिकाणी आहेत : माझ्याकडे, भावाकडे बंगळूरला, आणि एक पेनड्राइव्ह आत्याच्या देव्हाऱ्यात. तिथेच सुरक्षित राहील म्हणाली.

फेब्रुवारी १९४४ चं जोडपान अप्पा बळवंत चौकातून मोठं करून आणलं, आत्याला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. तिने ते भिंतीवर लावायला सांगितलं. सोळा तारखेच्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि अक्षर लावत वाचलं : हरिकेन, कलापांझिन, वीव्हर, डी.सी.ओ., एक वीस.

दोन जोडपानं अजून चिकटलेली आहेत, मार्च १९४४ ची. ती जानेवारीत, हवा कोरडी झाल्यावर काढणार.